संग्रहालयाला काही द्यायचं म्हटलं तर

वस्तू विकायची असली तर एक पावती पुरते. फुकट द्यायची असली तर अख्ख्या भाऊबंदकीच्या सह्या लागतात. आमचा रावपुऱ्यातला वाडा बिल्डरकडे जायचं ठरलं तेव्हा हे कळलं, आणि तेव्हापासून बडोद्यात ज्याच्या ज्याच्या माळ्यावर ट्रंक आहे त्याला मी ते न विचारता ऐकवत आलेय. आता एकदाचं लिहूनच काढते.

वाड्यात देण्यासारखं काय होतं? माजघरात सरस्वतीची मोठी तसबीर, शिसवी चौकटीतली, धुराने काळवंडलेली. माळ्यावर जमाखर्चाच्या वह्या, लाल रुमालांत बांधलेल्या, सगळ्या मोडी लिपीत. एक बडोदी पगडी. पुठ्ठ्याच्या खोक्यात काचेच्या निगेटिव्ह. माझे पणजेसासरे गायकवाडांच्या खानगी खात्यात कारकून होते. खानगी म्हणजे महाराजांचा घरखर्च आणि राजवाड्यांची व्यवस्था बघणारं खातं. त्यामुळे घरातली कुठलीही जुनी वस्तू 'महाराजांनी दिलेली' अशी सर्रास समजूत. पानाचा डबासुद्धा. तांब्यापितळेची भांडी बायकांनी आधीच वाटून घेतली होती, त्याला कुणाची सही लागली नाही.

"देऊन टाकू म्युझियमला," जाऊबाई म्हणाल्या.

म्युझियम म्हणजे आम्हा बडोदेकरांना एकच, कमाटीबागेतलं. सयाजीरावांनी १८९४ साली उभं केलेलं. शाळेची सहल म्हणजे तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा, १९४४ च्या वादळानंतर मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, आणि इजिप्तची ममी. शेजारच्या पिक्चर गॅलरीकडे मुलं फारशी वळत नाहीत. ती इमारत १९१४ मध्ये बांधून तयार होती, पण पहिलं महायुद्ध पेटलं, तिच्यासाठी घेतलेली चित्रं युरोपात अडकली, आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. थोरल्या भाऊजींचं म्हणणं सरळ होतं: ज्यांनी देवमासा घेतला त्यांना आपली एक तसबीर जड होणार आहे का?

जड होते, असं पुढे कळलं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकलेली आहे. हा विषय आपल्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून शिकवतात, आणि आम्ही सगळे त्याच्या दारावरून रिक्षाने जात-येत असतो. तिला बोलावलं. तिने आल्या आल्या तसबिरीकडे पाहिलंच नाही. विचारलं, "काकू, ही तुमच्या घरात आली कशी?"

चार तोंडांतून चार उत्तरं आली. भाऊजी म्हणाले, महाराजांनी दिली. जाऊबाई म्हणाल्या, पणजीच्या माहेरून आली. ह्यांचं मत, रविवर्मा बडोद्यात असताना त्याने स्वतःच दिली असणार. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर पाहून सांगितलं की असली चित्रं ऑनलाइन मिळतात. मुलीने चारही उत्तरं लिहून घेतली आणि पुढे ज्याचं त्याचं नाव घातलं. भाऊजींना ते काही आवडलं नाही. "पोलिसात जबानी देतोय का आपण?"

मग तिने यादीचा नमुना काढून दिला. क्रमांक, वस्तू, माप (उंची आधी, रुंदी नंतर), कशाची बनली आहे, आत्ताची अवस्था, घरात कशी आली, हे कुणी सांगितलं, आणि शेवटी शेरा. प्रत्येक वस्तूचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. पेन नाही, स्टिकर नाही, चिकटपट्टी तर दिसली की हात धरत होती. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं आहे, यादी म्हटली की मला बरं वाटतं. पण 'हे कुणी सांगितलं' असा रकाना मी कुठल्याच खतावणीत पाहिला नव्हता.

वह्यांना कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली होती. कसरीची पोथी संग्रहात शिरली तर शेजारच्या दहा खाते, म्हणून कुणीही आधी तेच विचारतं. उपाय निघाला घरच्या डीप फ्रीझरचा. प्रत्येक रुमाल जाड प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळायचा, उणे अठराला दोन आठवडे ठेवायचा, बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं. हिवाळ्याचे दिवस, फ्रीझर लिलव्याच्या कचोऱ्यांनी भरलेला. कचोऱ्या शेजारी गेल्या. त्या परत आल्या नाहीत, पण कसर मेली.

तसबिरीची चौकट तिने स्वतः उघडली नाही. कागदाचं जतन करणाऱ्या एका बाईंकडे नेली. तिथे जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मागे देवदाराच्या पातळ फळ्या ठोकलेल्या, खिळे गंजून फुगलेले. एकेक खिळा पकडीने सोडवत फळ्या काढल्या, तर चित्राच्या पाठीवर तपकिरी उभ्या रेघा. जिथे दोन फळ्यांमध्ये फट होती, बरोब्बर तिथे. एका जागी लंबगोल काळा डाग होता. बाईंनी ती फळी उचलून त्यावर धरली. फळीतली गाठ. लाकडातलं आम्ल शंभर वर्षं कागदात मुरत होतं आणि कागदाने फळीचा ठसा घेतला होता, गाठीसकट. मग चित्र सुलटं केलं. चौकटीच्या पट्टीखाली जो बोटभर काठ झाकलेला राहिला होता तिथे आकाश निळं होतं. आमच्या सरस्वतीचं आकाश निळं आहे हे त्या घरातल्या तीन पिढ्यांना माहीत नव्हतं. आम्ही सगळे ते संध्याकाळचं समजत होतो. त्याच काठावर खाली इंग्रजी बारीक अक्षरांत छापलेलं: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

म्हणजे छापील चित्र. बाईंनी भिंग दिलं. सरस्वतीचा वीणेवरचा हात भिंगाखाली धरला तर हात दिसेनासा झाला आणि गुलाबी, पिवळे, निळसर ठिपके उरले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, प्रत्येक दगडाचा वेगळा छाप, एकावर एक. लुगड्याच्या काठाचा लाल रंग एका जागी रेघेबाहेर केसभर सरकला होता. कागद यंत्रात ठेवताना कुणाचा तरी हात चुकला असणार. वरून व्हार्निश, म्हणून लांबून तैलचित्राचा भास. ते व्हार्निश पिवळं पडलं आणि त्यावर चुलीचा धूर बसला, की दुपारची संध्याकाळ होते.

ह्यांची समजूत मात्र अगदीच निराधार नव्हती. रविवर्मा बडोद्यात राहून गेला होता. १८८१ च्या सुमारास दिवाण सर टी. माधवराव यांच्या बोलावण्यावरून तो इथे आला, सयाजीरावांचं चित्र काढलं, पुढे राजवाड्यासाठी पौराणिक विषयांवरच्या चौदा चित्रांचं मोठं काम त्याला मिळालं. आणि तुमची चित्रं छापून घ्या, म्हणजे मागणी पुरी होईल, हा सल्ला त्याला देणारेही हेच माधवराव. छापखाना निघाला तो १८९४ मध्ये मुंबईत, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. नंतर तो कार्ल्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. भिंगातून ठिपके पाहून झाल्यावर मी ती पुन्हा बघायला गेले. रंगाचा थर, ब्रशचा ओघ, जरीवर उभा राहिलेला पिवळ्याचा ठिपका. मी त्या चित्रांसमोरून लहानपणापासून जातेय, पण कुंचला शोधायला प्रथमच गेले.

आता छापील म्हटल्यावर भाऊजींचा उत्साह ओसरला आणि न्यू जर्सीच्या चुलतदिराचा वाढला. तुम्हाला किंमत नसेल तर मी नेतो, असा त्याचा फोन. त्याला सांगावं लागलं की १९७२ चा पुरावस्तू आणि बहुमोल कलाकृती कायदा आहे, आणि शंभर वर्षं झालेली कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक मोलाचे कागद आणि हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तरच. शिवाय रविवर्म्याच्या कामाला १९७९ पासून बहुमोल कलाकृतीचा दर्जा आहे. तो म्हणाला, "वहिनी, पण ती शंभर वर्षांची आहे कशावरून? तो प्रेस तर नंतरही कित्येक वर्षं छापत होता." वकील आहे तो. आणि मुद्दा बरोबर होता. चित्रावर साल नव्हतं.

साल निघालं वह्यांत. मोडी वाचणारे बडोद्यात अजून आहेत, पण त्यांच्या मागे जमिनीचे खटलेवाले लागलेले असतात, त्यामुळे थांबावं लागलं. एक निवृत्त गृहस्थ मिळाले. त्यांनी अट घातली की बसून वाचीन, घरी नेणार नाही, आणि चहा बिनसाखरेचा. वही उघडून बोट फिरवत ते जे वाचत गेले त्यात इतिहास वगैरे काही नव्हता. गूळ, गोडेतेल, धोब्यास, नाभिकास, सत्यनारायणाची दक्षिणा. शके १८२९, आश्विन. म्हणजे १९०७ चा ऑक्टोबर. "श्री सरस्वती तसबीर एक, पावणेदोन रुपये. चौकट काचेसह, सव्वातीन." चित्रापेक्षा चौकट महाग. आणि दोन ओळी खाली: "चि. मुलीस पाटी."

भाऊजी समोरच बसले होते. महाराजांनी दिलेली तसबीर पावणेदोन रुपयांना बाजारात विकत घेतल्याचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फोन. "अगं, विकत घेतली हे जास्त चांगलं. कारकुनाचा पगार तो केवढा. आणि त्यात त्याने पाच रुपये घातले!" यादीतली जबानी त्यांनी बदलून मागितली. मुलगी म्हणाली, काका, आधीची खोडायची नाही, नवी खाली लिहायची.

ज्या संग्रहाने शेवटी आमच्या वस्तू घेतल्या त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीच हात जोडून सांगितलं आहे, नाहीतर उद्यापासून लोक रद्दीसकट दारात उभे राहतात. आमची कागदपत्रं त्यांच्या समितीपुढे गेली. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज दिला होता. तिथल्या टेबलावरच्या माणसाने न बघता "ठेवून जा" म्हटलं होतं. ठेवून जा म्हणजे काय, पावती द्या, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणजे मग घेता येणार नाही. कुणी असं म्हणालं तर वस्तू उचलावी आणि घरी यावं. पावती दोन टप्प्यांत मिळते: आधी 'तात्पुरती ताब्यात घेतली' अशी, आणि मंजुरीनंतर दाखल नोंदवहीतला क्रमांक. त्या क्रमांकाशिवाय वस्तू संग्रहालयाची नसते आणि तुमचीही राहत नाही.

पगडी त्यांनी नाकारली. तशा त्यांच्याकडे आहेत, आणि आमचीला पोखरलेलं. तसबीर एकटी असती तर तीही नाकारली असती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. रविवर्मा प्रेसची सरस्वती निम्म्या महाराष्ट्र-गुजरातच्या भिंतींवर होती, आणि कागदावरचं प्रत्येक चित्र म्हणजे आयुष्यभराचा खर्च: आम्लविरहित पुठ्ठा, सपाट खण, दमट हवेवर नजर. पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली की बडोद्यात दमटपणाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण तसबीर, तिच्या खरेदीची नोंद आणि तिची चौकट, तिन्ही एकत्र? हे त्यांना हवं होतं. सगळ्या वह्या नकोत. त्या सालाच्या आसपासच्या पाहिजेत, बाकीच्यांसाठी दफ्तरखान्यात विचारा. समितीतल्या एका बाईंनी पाटीच्या ओळीवर बोट ठेवलं. सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्यात सक्तीचं आणि मोफत केलं ते १९०६ मध्ये, मुलींसकट. पुढच्याच आश्विनात कारकुनाच्या घरात मुलीला पाटी येते. बाई खूश. मला वाटतं त्या जरा घाई करत होत्या. आश्विनात दसरा असतो, दसऱ्याला पाटीपूजन, घरोघरी पाट्या येतातच. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, हेही लिहून द्या.

खरी दमछाक देणगीपत्राने केली. वाडा वडिलोपार्जित, म्हणून आतली वस्तूही सगळ्यांची. सगळ्या हिश्शेदारांनी लिहून द्यायचं की मालकी पूर्णपणे सोडली, कुठलीही अट नाही, फोटो काढायला आणि छापायला हरकत नाही, आणि वस्तू मांडलीच जाईल असं नाही. शेवटच्या वाक्यावर सगळं अडलं. भाऊजींना भिंत हवी होती, कायमची, आणि खाली संगमरवरी पाटी, घराण्याच्या नावाची. संग्रहालयाचा माणूस शांत होता, रोजचंच असणार. कागदावरचं चित्र सतत उजेडात ठेवत नाहीत, म्हणाला. पन्नास लक्स, म्हणजे अगदी मंद दिवा, आणि तोही काही महिने, मग परत खणात. कायम मांडायचं म्हणजे कायमचं घालवायचं. आणि अटींच्या देणग्या घेतल्या की पन्नास वर्षांनी संग्रहालयाची भिंत देणगीदारांच्या नातवंडांच्या मालकीची होते.

भाऊजींची समजूत त्याने घातली नाही, ती आपसूक पडली. एका रविवारी नातवाला घेऊन ते कमाटीबागेत गेले होते. तिथे अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत. अकोटा म्हणजे आपलंच, विश्वामित्रीपलीकडचं, आता जिथे फ्लॅट आहेत ते. त्यातली जीवंतस्वामींची मूर्ती सहाव्या शतकातली, मुकुट घातलेले राजपुत्र महावीर. तिच्या बैठकीवर लेख आहे की ही नागीश्वरी नावाच्या श्राविकेने दिली. भाऊजी आले ते सरळ माझ्याकडे. "त्या बाईने मूर्तीवरच नाव कोरून घेतलं होतं. हुशार. आपण काय कोरणार? कागदावर लिहा म्हणावं, नोंदवहीत." आणि सही केली. नोंदवहीत देणगीदाराचं नाव असतंच, हे त्यांना आधी सांगून झालं होतं, पण नागीश्वरीने सांगितलेलं जास्त पटलं.

न्यू जर्सीवाल्याची सही तो दिवाळीनंतर आला तेव्हा झाली. वकील असूनही त्याने पानं वाचली नाहीत, सरस्वतीचा नवा फोटो मात्र मागून घेतला, साफ केल्यानंतरचा, निळ्या आकाशाचा. फोटोला कायद्याची आडकाठी नाही.

राहिल्या काचेच्या निगेटिव्ह. त्यांची मंजुरी अडली आहे, कारण एकाही काचेवर नाव नाही. पगडीतले पुरुष, नऊवारीतल्या बायका, वाड्याचा चौक, कुणाचं तरी बारसं. नावं मिळाली तर घेऊ, नाहीतर अनोळखी माणसांचे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत, असं उत्तर आलं. खोकं सध्या माझ्या कपाटात आहे, प्रत्येक काच वेगळ्या कागदाच्या पाकिटात, उभी. आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात. खिडकीच्या उजेडावर धरून मोबाइलने फोटो काढायचा, रंग उलटे करायचे की चेहरा येतो. असे चेहरे मी इंदूरला आत्याबाईंना पाठवते. नव्वदीच्या घरात आहेत, पण ओळखतात. दुपारच्या झोपेनंतर फोन येतो, एकेकाचं नाव, नातं, कुणाचा जावई, कुठे नोकरी. मी ऐकते आणि रकाने भरते, 'हे कुणी सांगितलं' मध्ये त्यांचं नाव.

परवा एका गृहस्थांवर अडलं. कोट, उपरणं, हातात छडी, चेहऱ्यावर मोठा तोरा.

"ओळखलं," आत्याबाई म्हणाल्या. "पण नाव नको लिहूस."

"अहो आत्याबाई, नावाशिवाय घेत नाहीत ते."

"नको म्हटलं ना. ह्या माणसाने आमच्या मळ्यातली विहीर लाटली. म्युझियममध्ये कशाला जायला हवा तो?"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी नाव मिळालं, आणि विहीर कुठली, किती साली, हेही. दोन्ही लिहिलंय. विहीर शेऱ्याच्या रकान्यात.